फक्कीकाकांची बारकी

मैदानावर पांढऱ्या रेषा मारायला जी भुकटी लागते तिला आम्ही फक्की म्हणायचो, आणि ती मारणाऱ्या माणसाला फक्कीकाका. त्यांचं खरं नाव पगाराच्या दिवशी ऑफिसातल्या कारकुनाला लागायचं तेवढंच. आम्ही पोरंपोरी सकाळी धावायला पोचायच्या आधी त्यांची एक फेरी झालेली असायची. रोलर फिरलेला, लांब उडीच्या खड्ड्यातली वाळू उकरून सारखी केलेली, धावपट्टीच्या रेषा ताज्या. मिशीवर, पापण्यांवर, कानांवर सगळीकडे फक्की बसलेली. "काका, आज पावडर जास्त लागली," असं कुणी म्हटलं की ते म्हणायचे, "लग्नाला जायचंय, तुझ्याच."

मैदानाच्या कोपऱ्यात, पाण्याच्या टाकीच्या पायथ्याशी दोन खोल्यांचं क्वार्टर होतं. त्यात काका, काकू आणि त्यांची एकुलती एक मुलगी राहायची. काकू जवळच्या पाळणाघरात कामाला होत्या. मुलगी दिवस भरायच्या आधीच जन्मलेली, हातात मावेल एवढीशी, म्हणून सगळे तिला बारकी म्हणायला लागले. पुढे ती बापाच्या डोक्यावरून पलीकडचं बघायला लागली, तरी नाव तेच राहिलं.

बारकी गोळाफेकीकडे वळली ती बापाच्या कामातूनच. संध्याकाळी सगळे गेले की लोखंडी गोळे फडक्याने पुसून शेडमध्ये ठेवायचे, हे काकांचं काम. ती मदतीला यायची. आधी दोन्ही हातांनी एक गोळा उचलायची, मग एका हाताने एक. एकदा शेडपर्यंत न्यायचा कंटाळा आला म्हणून तिने तो लांबूनच शेडकडे भिरकावला. काका ओरडले, "अगं, पाय फुटेल एखाद्याचा!" मग गोळा कुठे पडला ते त्यांनी बघितलं. गोळा उचलून आणला, तिच्या हातात दिला आणि म्हणाले, "परत टाक बघू."

त्या सुमाराला मैदानावर नवे सर आले. तरुण होते, तडफदार होते, आणि खरं सांगायचं तर आम्हाला सगळ्यांना आवडायचे. पाऊस असो, ऊन असो, सर आमच्या आधी हजर. त्यांनी बारकीला पाहिलं, तिचं कोपर सरळ केलं, पाय कुठून फिरवायचा ते दाखवलं, आणि ती दर हंगामाला पुढे पुढे जात राहिली. शाळांच्या स्पर्धा जिंकली, मग त्याच्या वरच्या. शाळेच्या शेवटच्या वर्षात मात्र ती अडकली. महिनेच्या महिने गोळा तिथेच पडायचा. एकाच जागी पडून पडून गवतात खळगा झाला होता. बारकी त्या खळग्याकडे असं बघायची, जणू तो कुणी मुद्दाम खणून ठेवलाय.

एक दिवस सरांनी डबा आणला. काळा, सोनेरी झाकणाचा, वर आयाळवाला सिंह. सोबत कॅप्सूलची एक बाटली.

"काका, पोरीचं इंजिन मोठं आहे, तेल कमी पडतंय," सर म्हणाले.

"यात काय असतं हो सर?"

"प्रोटीन. दूध, अंडी यातलंच, फक्त गाळून घेतलेलं. आणि थोड्या वनस्पती. सगळं नैसर्गिक. बसस्टॉपजवळच्या दुकानात उघड्यावर मिळतं, लपवण्यासारखं काही असतं का?"

दुकानात खरंच मिळायचं. काचेच्या कपाटात डब्यांची उतरंड, मागे पिळदार दंडांची चित्रं. काकांनी ते कितीदा जाता-येता पाहिलं होतं. त्यांना उलट बरंच वाटलं. मुलीला तंत्र शिकवणं त्यांच्या आवाक्यातलं नव्हतं, तिच्याबरोबर परगावी जाणं रजेअभावी जमायचं नाही. हे मात्र करता येण्यासारखं होतं. रोज सकाळी सराव संपला की ते हात धुऊन यायचे, झाकणाच्या बाटलीत पावडर आणि पाणी घालून खळखळ हलवायचे आणि फेसाचा पेला आणि एक कॅप्सूल तिच्या हातात द्यायचे. मैदानावरच, सगळ्यांसमोर. "आता घरात दोन पावडरवाले झाले," असं म्हणून स्वतःच हसायचे.

आणि गोळा खळग्याच्या पुढे गेला. थोडाथोडका नाही, चांगला पुढे. नंतर आणखी पुढे. काकांकडे खुणेच्या लाल झेंड्या असायच्या, तारेच्या काडीला कापड लावलेल्या. बारकीची फेक जिथे पडेल तिथे ते झेंडी रोवायचे आणि ती काढायचेच नाहीत. दूधवाला आला की त्याला दाखवायचे, झाडणाऱ्या बायकांना दाखवायचे, चेंडू शोधायला आलेल्या अनोळखी पोरांनाही थांबवायचे. "ती बघ. बारकीची."

पुढचं जे घडलं त्यातलं बरंचसं मला नंतर काकूंनी सांगितलं, आणि काही खुद्द बारकीने.

आधी तिच्या पाठीवर आणि खांद्यांवर मुरुमं आली, मोठी, ठणकणारी. मग चिडचिड सुरू झाली. एका सकाळी काकू नुसतं "केस विंचर गं" म्हणाल्या, तर तिने हातातला कंगवा काडकन मोडला, दोन तुकडे टेबलावर ठेवले, आणि आपण हे काय केलं म्हणून स्वतःच घाबरून रडायला लागली. काकूंनी तिला जवळ घेतलं. वय अडनिडं, परीक्षा तोंडावर, असं मनाला समजावलं.

मग आवाज बसला. "मैदानावर ओरडते, बसणारच," काका म्हणाले. काकूंनी मिठाच्या गुळण्या करायला लावल्या. आवाज सुटला नाही. खालीखालीच जात राहिला.

एक दिवस मावशीचा फोन आला. बारकीने उचलला. "हॅलो" म्हणताच मावशी म्हणाली, "भाऊजी, बारकी आहे का घरात? जरा द्या तिला."

"मावशी, मीच बोलतेय."

पलीकडे मावशी हसली, "अगं बाई, मला वाटलं तुझे बाबाच! सर्दी झालीय वाटतं." बारकीही हसली. इकडचं तिकडचं बोलली, फोन ठेवला आणि न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसली. त्यानंतर तिने फोन घेणं बंद केलं. दुकानात गेली की बोटाने वस्तू दाखवायची.

याच दिवसांत काकांना आपला वस्तरा ओला सापडला. त्या दिवशी त्यांनी दाढी केलेली नव्हती. "उंदराने दाढी केली वाटतं आज," असं ते मोठ्याने म्हणाले, घरात हशा पिकावा म्हणून. आतल्या खोलीतून कुणी हसलं नाही. काकूंनी त्यांच्याकडे पाहून मान हलवली, आणि तेव्हा वस्तरा कुणी वापरला ते त्यांच्या लक्षात आलं. वस्तरा धुऊन, पुसून, होता तिथेच ठेवला. त्याबद्दल परत बोलले नाहीत.

काकू मात्र बोलल्या. लग्नाला इतकी वर्षं होऊन जी गोष्ट कधी नवऱ्यापाशी बोलल्या नव्हत्या, ती बोलल्या. "अहो, कित्येक महिने झाले, तिची पाळी आलेली नाही. तुम्ही सरांना विचारा."

"मी? हे विचारू?"

"मग कोण विचारणार? डबा त्यांचा आहे."

काकांनी विचारलं, पण कसं, तर रोलरचा दांडा दोन्ही हातांनी धरून, खाली बघत. "सर, पोरीची तब्येत जरा... बायकी काहीतरी आहे."

सरांना लगेच कळलं. "काका, एवढा सराव करणाऱ्या मुलींचं असं होतंच. कुठल्याही मोठ्या खेळाडूला विचारा. मनातून काढून टाका."

यातला त्रास हा, की सर पूर्ण खोटं बोलले नव्हते. तसं होतं कधीकधी. काका तेवढंच धरून घरी आले.

शेवटी काकूंनीच तिला डॉक्टरकडे नेलं. पाळणाघराच्या गल्लीत एका डॉक्टरीणबाईंचा दवाखाना होता. त्यांचा मुलगा काकूंच्याच हाताखाली वाढला होता. बाईंनी पडदा ओढून बारकीला तपासलं. उजव्या बरगडीखाली बोटांनी दाबलं तेव्हा ती कळवळली. रक्त तपासायला पाठवलं. दोन दिवसांनी तिघांनाही बोलावलं आणि येताना डबा आणायला सांगितलं.

काकांनी तो काळा डबा आणि कॅप्सूलची बाटली पिशवीतून काढून टेबलावर ठेवली. डॉक्टरीणबाईंनी वरचा मजकूर वाचला आणि डबा बाजूला सारला.

"असल्या डब्यांत काय काय मिसळलेलं असतं ते वर छापत नाहीत," त्या म्हणाल्या. "पण हिची लक्षणं आणि रक्त, दोन्ही एकच सांगतात. यात स्टिरॉइड आहे. पुरुषी हार्मोनच्या जातीचं. लिव्हरला सूज आलीय. आज बंद करायचं. हळूहळू नाही, आज."

बारकीने एकच विचारलं, "आणि आवाज?"

बाईंनी काकूंकडे पाहिलं, मग परत तिच्याकडे. "पाळी येईल. मुरुमं जातील. सूज उतरेल, वेळेवर आलीयेस. आवाज जेवढा जाड झालाय तेवढा बहुतेक राहील, बाळा."

घरी आल्यावर दारात चपला काढता काढता बारकी म्हणाली, "स्पर्धा झाली की बंद करते."

ती स्पर्धा अगदी तोंडावर होती. देशभरातले तरुण खेळाडू येणार होते, आणि तिथे जिंकलं की पुढची निवड. काकू कडाडल्या, "स्पर्धा गेली खड्ड्यात!" त्यांनी डबा आणि बाटली उचलली, दोन्ही मोरीत उपडी केली आणि वरून पाणी ओतलं. पांढरा फेस मोरीतून बाहेर आला. बारकी बघत उभी राहिली.

काका सरांकडे गेले. सरांच्या खोलीत कपाटभर कप होते, त्यातले पुढचे तीन बारकीचे. काकांनी डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते सांगितलं. सर शांतपणे ऐकत होते, मग खुर्चीतून उठून दार लावून आले.

"डॉक्टरांना खेळातलं काय कळतं काका? त्या ताप-खोकल्याच्या डॉक्टर. पोरगी शिखरावर पाय ठेवतेय आणि बापच तिचा पाय ओढतोय, लोक काय म्हणतील?" मग जरा थांबून म्हणाले, "आणि तुमच्या क्वार्टरबद्दल वरून सारखी विचारणा होतेय. मी शब्द टाकलाय म्हणून चाललंय. मी कधी बोललो का तुम्हाला? नाही ना?"

काका परत आले ते घरी गेलेच नाहीत. मैदानाच्या कडेला रोलरवर बसून राहिले. बारकी त्यांना शोधत आली आणि शेजारी बसली. काकांनी सांगितलं की सर ऐकत नाहीत, पण आपण थांबू या. म्हणजे त्यांना तसं सांगायचं होतं. अर्ध्यातच त्यांचा धीर सुटला.

"बाबा," बारकी म्हणाली, "आवाज तर गेलाच आहे ना? मग फेक तरी राहू दे."

सगळ्या मैदानाला झेंडी दाखवत फिरणारे काकाच होते. ते म्हणाले, "कर तुला काय करायचं ते." दुसऱ्या दिवशी सरांनी नवा डबा दिला, मैदानावरच, घरी न नेण्याच्या बोलीवर. काकांनी ते पाहिलं. काकूंना सांगितलं नाही.

स्पर्धेला काका रजा काढून गेले. काकू गेल्या नाहीत. कपडे बदलायच्या खोलीच्या दारात एका कार्यकर्तीने बारकीला अडवलं. बारकीने काहीतरी विचारलं होतं, आणि आवाज ऐकून बाई मागे न बघताच म्हणाली, "मुलगे पलीकडे." मग तिने वळून पाहिलं आणि ओशाळली. बारकीच्या मागे रांगेत उभ्या मुली हसल्या. काका कुंपणाबाहेर उभे होते. त्यांनी हे सगळं ऐकलं.

बारकी जिंकली. गोळा असा गेला की बाकीच्यांच्या खुणा मागे राहिल्या. लोक उभे राहिले. काका बसूनच होते. बक्षीस घेऊन ती खाली उतरते न उतरते तोच एक बाई हातात कागद घेऊन आली आणि लघवीच्या नमुन्यासाठी तिला घेऊन गेली. जिंकणाऱ्यांची ही तपासणी असतेच, असं सरांनी काकांना सांगितलं. सांगताना मात्र ते सारखा रुमाल काढत होते.

निकाल काही आठवड्यांनी आला. नमुन्यात बंदी असलेलं औषध सापडलं होतं. पदक परत गेलं, बारकीला मैदानावर यायला मनाई झाली आणि चौकशी लागली. आम्ही सगळे सरांभोवती जमलो. सर अगदी दुखावलेल्या चेहऱ्याने म्हणाले, "मी काय बोलणार? डबा त्यांच्या घरचा, बाटली त्यांच्या घरची. रोज सकाळी बाप आपल्या हाताने ढवळून द्यायचा. तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय."

पाहिलं होतं. मीही पाहिलं होतं. आमच्यातलं कुणी काही बोललं नाही.

त्या दिवसांत काका रेषा मारायचे त्या वाकड्या यायच्या. पुसून परत मारायचे, परत वाकड्या. त्यांना बघून पूर्वी हाका मारणारी पोरं आता दुसऱ्या बाजूने जायची. बारकी घरात बसून असायची, खिडकी लावून, कारण खिडकीतून थेट गोळाफेकीचं वर्तुळ दिसायचं. काकू पाळणाघरातून आल्या की दोघींसाठी चहा टाकायच्या. काका आपला चहा आपण करून घ्यायचे. नव्या डब्याची गोष्ट बाहेर आली होती, आणि काकू त्यांच्याशी कामापुरतंच बोलत होत्या.

नियम जाणणारे एक वकील काकांना भेटले. जुने धावपटू होते, म्हणून आपणहून आले. त्यांनी समजावलं, "मुलगी अजून सज्ञान नाही. शिक्षकावर विश्वास ठेवला, आत काय आहे ते माहीत नव्हतं, एवढंच सांगा. बंदी कमी होईल. वर्षाभरात परत येईल. फक्त त्या डॉक्टरीणबाईंचं नाव काढू नका. त्यांनी आधीच सावध केलं होतं हे कळलं, की माहीत नव्हतं असं म्हणता येणार नाही."

काकांच्या जिवात जीव आला. वर्ष म्हणजे काय, डोळे मिटून उघडावेत तेवढ्यात जातं, असं ते बारकीला म्हणाले. बारकीने मान हलवली.

चौकशीच्या आदल्या आठवड्यात सुई भेटायला आली. सुई म्हणजे भालाफेक करणारी, बारकीपेक्षा लहान, अंगाने काटकुळी, म्हणून सुई. मैदानावरच्या कुणीतरी घरी यायची ही पहिलीच वेळ. ती दारात उभी राहून म्हणाली, "ताई, कशी आहेस?"

'ताई' म्हणताना तिचा आवाज फाटला. नुकत्याच वयात येणाऱ्या मुलाचा फाटतो तसा.

बारकी उठून उभी राहिली. "काय घेतेस तू?"

"काही नाही."

"सुये, काय घेतेस?"

"सरांनी दिलंय. पण तुझ्यासारखं नाही गं, याचा डबा लाल आहे. सर म्हणाले तुझ्या बाबांनी कुठून तरी दुसरंच आणलं होतं, म्हणून झालं तुझं."

सुई गेल्यावर बारकी बाहेर आली. कितीतरी दिवसांनी घराबाहेर. काका वाळू उकरत होते तिथे जाऊन उभी राहिली.

"बाबा, चौकशीला डॉक्टरबाईंना घेऊन जाऊ."

काकांनी दाताळं खाली ठेवलं. "अगं, वेड लागलं का? त्यांनी तोंड उघडलं की सगळंच आलं. तुला माहीत होतं, मला माहीत होतं, तरी..."

"येऊ दे."

"बंदी वाढेल. पूर्ण लागेल. तुझी वर्षं जातील, बारके."

"त्यांच्याशिवाय कोण सांगणार डब्यात काय होतं ते? आपलं कोण ऐकतंय? सुईचा आवाज ऐकला मी, बाबा. माझा असाच सुरू झाला होता."

काकांनी तिला खूप समजावलं. सुईच्या आईला वेगळं जाऊन सांगू म्हणाले. ते गेलेही, त्याच संध्याकाळी. सुईच्या आईने दारातच ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आमच्या मुलीचं आम्ही बघू. तुमचं तुम्ही निस्तरा आधी." काका परत आले आणि काकूंना म्हणाले, "डॉक्टरबाईंना विचारून ये, येतील का." त्या महिन्यांत काकूंनी पहिल्यांदा त्यांच्याकडे सरळ पाहिलं.

चौकशीची खोली लहान होती. लांब टेबल, पलीकडे तीन माणसं, पाण्याचा जार. सर एका कडेला, इस्त्रीच्या शर्टात. डॉक्टरीणबाई जे होतं ते बोलल्या, तारीख सांगितली, काय तपासलं ते सांगितलं, काय बजावलं तेही सांगितलं. मग मधल्या माणसाने काकांना विचारलं, "म्हणजे डॉक्टरांनी मना केल्यावरही मुलगी ते घेत राहिली, हे तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"मग थांबवलं का नाहीत?"

वकिलांनी काकांच्या दंडाला हात लावला. क्वार्टरचं सांगता आलं असतं, सरांनी दम दिला ते सांगता आलं असतं. काका ते नंतर बोललेही. पण आधी ते म्हणाले, "साहेब, ती जिंकेल असं वाटलं मला."

बारकी शेजारी बसली होती. तिने खाली बघितलं नाही. तिची बोलायची वेळ आली तेव्हा तिने स्वतःच सगळं सांगितलं, त्या जाड आवाजात, सावकाश, कुणीही मध्ये बोलू नये अशा बेताने. सुईचं नाव घेतलं नाही. एवढंच म्हणाली, "आमच्या मैदानावर आता लाल डबे आहेत. ते तपासा."

बंदी पूर्ण लागली. वकील वैतागून निघून गेले. डबे तपासले गेले, आणि तेच सापडलं. सुईची आई तपासणीचा निकाल कळताच डॉक्टरीणबाईंकडे धावली. मग आणखी दोन घरं बोलायला लागली. सरांना काढून टाकलं. जाताना ते काकांना एवढंच म्हणाले, "तुमच्या पोरीला मी घडवली होती." काकांनी ते नाकारलं नाही. ते खरंही होतं, आणि तेच काकांना फार दिवस टोचत राहिलं. सर आता दुसऱ्या गावात एका व्यायामशाळेत शिकवतात असं ऐकलं. बसस्टॉपजवळच्या दुकानाने काही दिवस कपाट रिकामं ठेवलं, मग निळे डबे आले.

सुईचा आवाज पुष्कळसा सुधारला, थोडी खरखर राहिली. तिने भाला सोडला नाही.

क्वार्टर गेलं. नव्या साहेबांना ते सामानासाठी हवं होतं. काकांचं बिऱ्हाड पाळणाघरामागच्या खोलीत आलं. काका सायकलवरून मैदानावर जायला लागले. बारकीचं लिव्हर सुधारलं, अंग उतरलं. आवाज तेवढा डॉक्टरीणबाई म्हणाल्या तसाच राहिला. पहिलं वर्ष फार वाईट गेलं. एका दुकानात कामाला लागली होती, पण गिऱ्हाईकं वळून वळून बघायची म्हणून सोडलं. कुणाशी बोलायचं झालं की आधी घसा खाकरायची, जणू काही अडकलंय आणि आत्ता मोकळं होईल.

काकूंनी तिला ओढून पाळणाघरात नेलं. पहिल्याच दिवशी एका पोराने तोंड वर करून विचारलं, "तू दादा आहेस की ताई?"

"ताई."

"बरं. मग मला उचल."

तिने त्याला उचललं. एका हाताने. मग बाकीची सगळी रांग लावून उभी राहिली. आता ती तिथेच काम करते आणि बाहेरून पुढचं शिक्षणही चालू आहे. बंदी संपली तेव्हा काकांनी एकदाच, अगदी चाचरत विचारलं, "टाकायचा का परत गोळा?" ती म्हणाली, "नको बाबा." तिने विचार न करता उत्तर दिलं की खूप विचार करून ठेवलं होतं, हे त्यांना कळलं नाही.

काकूंनी काकांना माफ केलं का? मी एकदा विचारलं. काकू कपड्यांच्या घड्या घालत होत्या. "माफ करायचं तर रोज करावं लागतं," त्या म्हणाल्या. "काही दिवस जमतं."

मागच्या हंगामाच्या सुरुवातीला मी मैदानावर गेले होते. काका आता थकलेत, पण नवी पोरं आली की त्यांच्या आईबापांना गाठून डब्यांबद्दल बोलतात. काही जण ऐकून घेतात. काही जण बाजूला झाल्यावर कुजबुजतात, हे तेच, यांच्याच मुलीचं झालं होतं ना. त्या दिवशी एक बाप मुलासोबत आला होता, हातात नवाकोरा निळा डबा. काका त्याला थांबवून बोलले. तो वैतागला. "आमचा चांगल्या कंपनीचा आहे हो. आणि मुलाचा आवाज काय, जाडच होणार."

"आवाजाचं सोडा. लिव्हर मुलालाही असतं," काका म्हणाले. "पाळणाघराच्या गल्लीत डॉक्टर आहेत. नुसतं दाखवून घ्या. मी येतो बरोबर."

"आत्ता?"

"आत्ता. दवाखाना उघडा आहे."

त्या माणसाने मुलाकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, आणि काकांना झटकून टाकावं असा त्याचा चेहरा झाला. काका हलले नाहीत. शेवटी तो पुटपुटत दवाखान्याकडे निघाला. फक्कीने माखलेल्या कपड्यांतच काका सायकल हातात धरून त्याच्या शेजारून चालायला लागले. धावपट्टीच्या अर्ध्या रेषा मारायच्या राहिल्या होत्या.